गोल्फ कार्टला लेड-ॲसिडऐवजी लिथियम बॅटरी बसवताना: आधी मोजमाप, मग खरेदी, मग पाना

नवी लिथियम बॅटरी बसवलेली गाडी सपाटीला झकास पळते. चार माणसं बसवून चढाला लावली की मध्येच गप्प होते. दिवे, हॉर्न, सगळंच बंद. थोडं थांबून किल्ली फिरवली की पुन्हा चालू. मालकाला वाटतं बॅटरी डुप्लिकेट निघाली. मी लोणावळा-कर्जत पट्ट्यातल्या रिसॉर्टच्या गाड्यांवर काम करतो आणि अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बॅटरी चांगलीच निघते. खरेदीच्या वेळी व्होल्ट आणि अँपिअर-अवर पाहिलेले असतात, पण चढावर गाडी किती अँपिअर ओढते हे कुणी मोजलेलं नसतं. चुकतं ते तिथे.

पुढचा क्रम ४८ व्होल्टच्या गाडीसाठी आहे: ८ व्होल्टच्या ६ लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून लिथियम आयर्न फॉस्फेटचा (एलएफपी) एक पॅक बसवायचा. तुमच्या गाडीत ६ व्होल्टच्या ८ किंवा १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या असल्या तरी काम तेच. ३६ व्होल्टच्या गाडीला मात्र १२ सेलचा पॅक लागतो आणि त्याचे चार्जिंगचे आकडे वेगळे असतात.

## १. जुन्या बॅटऱ्या गाडीत असतानाच मोजमाप

जुन्या बॅटऱ्या भंगारात गेल्यावर हे मोजता येत नाही, म्हणून सुरुवात इथूनच.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. मेन निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. गाडीत जितकी माणसं बसणार तितकी बसवा आणि तुमच्या आवारातल्या सगळ्यात अवघड चढावर न्या. शेजारी बसलेल्याने तीन आकडे लिहायचे: सपाटीचा, चढावर गाडी उचलतानाचा आणि चढ संपेपर्यंत टिकून राहिलेला. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा गाडी उचला. सर्वांत मोठा आकडा तिथे मिळतो.

एका सहा आसनी गाडीचे आकडे माझ्या वहीत आहेत. सपाटीला ५५ ते ६० अँपिअर. चढावर उचलताना २८०, जेमतेम तीन सेकंद. त्यानंतर वर पोहोचेपर्यंत, साधारण पाऊण मिनिट, १७० ते १९०. या गाडीला बसवलेल्या पॅकमधली बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, सलग १०० अँपिअरची होती. उचलतानाचे तीन सेकंद तिने कसेबसे काढले, पण पुढच्या पाऊण मिनिटात पॅकचा पुरवठाच तोडला. तसं करणं तिचं कामच होतं.

इशारा: इलेक्ट्रिशियनकडचे बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. डीसी केबलवर ते शून्य किंवा भलताच आकडा दाखवतात. डायलवर डीसी अँपिअरची खूण पाहा आणि केबलला लावण्याआधी मीटर शून्यावर आणा.

त्याच वेळी आणखी चार गोष्टी टिपून ठेवा: कंट्रोलरच्या (मोटरला पेडलप्रमाणे वीज देणाऱ्या डब्याच्या) पट्टीवरचे व्होल्ट आणि कमाल अँपिअर, बॅटरी ट्रेची आतली लांबी-रुंदी-उंची, चार्जरचा प्रकार, आणि दिवे-हॉर्नला १२ व्होल्ट कुठून येतात ते. शेवटची गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. तिच्याकडे सातव्या टप्प्यात येऊ.

## २. पॅक निवडणं

बाजारात "४८ व्होल्ट" या एकाच नावाखाली निरनिराळे पॅक मिळतात, म्हणून विक्रेत्याला सेलची संख्या आणि रसायन दोन्ही विचारा.

- एलएफपी, १६ सेल: नाममात्र ५१.२ व्होल्ट, पूर्ण चार्ज ५८.४
- एलएफपी, १५ सेल: नाममात्र ४८, पूर्ण चार्ज ५४.७५
- एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियमचंच दुसरं रसायन), १३ सेल: नाममात्र सुमारे ४८, पूर्ण चार्ज ५४.६

गोल्फ कार्टला मी १६ सेलचा एलएफपीच घेतो. लेड-ॲसिडच्या ४८ व्होल्ट संचाचा चार्जिंग व्होल्टेजही ५८-५९ च्या आसपास जातो, त्यामुळे कंट्रोलरला हा आवाका सवयीचा असतो. शिवाय सीटखाली, माणसांच्या बुडाशी ठेवायची वस्तू आहे. उष्णतेत एलएफपी एनएमसीपेक्षा बरीच जास्त स्थिर असते आणि मला तेवढं कारण पुरतं.

आता क्षमतेचा हिशेब. १७० अँपिअर-अवरचा लेड-ॲसिड संच कागदावर ८.१६ किलोवॅट-अवर देतो. पण हे १७० वीस तासांत हळूहळू रिकामा केला तरचे. गाडी तो दोन-तीन तासांत ओढते, तेव्हा हाती कमी लागतं, आणि आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच्या खाली उतरवायचाही नसतो. म्हणजे कामाचे चारेक किलोवॅट-अवर. १०५ अँपिअर-अवरचा १६ सेलचा पॅक ५.३८ किलोवॅट-अवरचा असतो आणि त्यातला ८० ते ९० टक्के भाग रोज वापरता येतो. म्हणून १०५ चा पॅक जुन्या १७० ला पुरून उरतो. "जुनी १७० ची होती, नवीही १७० चीच हवी" असा हट्ट धरून दुप्पट पैसे घालवू नका. तेच पैसे दमदार बीएमएसवर घाला.

बीएमएसचा नियम साधा आहे. सलग अँपिअर तुमच्या चढावरच्या टिकून राहिलेल्या आकड्यापेक्षा किमान पाव हिश्शाने जास्त हवेत. क्षणिक अँपिअर कंट्रोलरच्या पट्टीवरच्या कमाल आकड्याइतके, निदान पाच-दहा सेकंद, मिळायला हवेत. वरच्या गाडीला सलग २५० चा पॅक लागला.

इशारा: ई-रिक्षासाठी बनवलेला ५१.२ व्होल्टचा पॅक स्वस्त आणि सहज मिळतो. त्याची बीएमएस ई-रिक्षाच्या लहान मोटरच्या हिशेबाने लावलेली असते. सपाट आवारातल्या दोन आसनी गाडीला तो कदाचित चालेलही, घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टला नाही.

इशारा: १२ व्होल्टच्या चार लिथियम बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायचा मोह होतो, कारण जुन्या जागेत त्या नेमक्या बसतात. प्रत्येकीची बीएमएस वेगळी असते आणि एकीला दुसरीची खबर नसते. एक बॅटरी मागे पडली की तिची बीएमएस तोडते, आणि त्या क्षणी संपूर्ण संचाचा व्होल्टेज तिच्या एकटीच्या स्विचवर येतो. उत्पादकाने चार सिरीजची लेखी परवानगी दिली नसेल तर हा रस्ता सोडा. लेड-ॲसिड आणि लिथियम एकत्र जोडणं तर कोणत्याही स्थितीत नको.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. गाडी धुणारा मुलगा पाइपचा फवारा थेट सीटखाली मारतो, हे मी रोज पाहतो. आयपी ६७ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, पॅक घ्या.

## ३. सामान आधी जमवा

काम अर्धवट टाकून बाजारात धावलं की घाईत उघड्या टर्मिनलवर पाना पडतो. हे सगळं हाताशी ठेवूनच सुरुवात करा: पॅक, त्याचाच चार्जर, ५० चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल, तांब्याचे लग (बोल्टला जोडण्यासाठी केबलच्या टोकाला दाबून बसवायचे तुकडे), हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल, हिट श्रिंक स्लीव्ह, फ्यूज आणि त्याचा होल्डर, मेन आयसोलेटर स्विच (पॅक गाडीपासून पूर्ण तोडणारा), ४८ ते १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर, प्रीचार्ज रेझिस्टर, शंटवर चालणारा बॅटरी मीटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजून उरलेले टक्के दाखवणारा), मल्टिमीटर, खाण्याचा सोडा, रबरी हातमोजे, गॉगल.

पान्यांना टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा.

## ४. जुन्या बॅटऱ्या उतरवणं

चार्जिंग संपल्यासंपल्या झाकण उघडून कामाला लागू नका. चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. सीट उचलून तासभर वारं लागू द्या.

१. किल्ली बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड.
२. टो-रन स्विच (गाडी ओढून नेताना कंट्रोलर बंद ठेवणारा) असेल तर टो वर.
३. सगळ्या केबल दिसतील असे वरून दोन-तीन फोटो. प्रत्येक केबलला चिकटपट्टीवर नाव.
४. आधी संचाची मेन निगेटिव्ह सोडा, तिच्या टोकाला टेप. मग मेन पॉझिटिव्ह. मग मधले जोड एकेक करून.
५. कंट्रोलरच्या दोन जाड टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. आतल्या कपॅसिटरमध्ये अजून व्होल्टेज असेल तर अडीचशे ओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरून तो उतरवा.
६. बॅटऱ्या पट्ट्याने, दोघांनी मिळून उचला. एकेक २८ किलोच्या आसपास भरते. टर्मिनलला धरून उचलू नका.

तपासा: पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मेन केबल नेमक्या कोणत्या, हे फोटो आणि चिकटपट्टी दोन्हींवरून पटवा. लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. आधी कुणीतरी केबल बदलताना हाती लागली ती लावलेली असते. उलट जोडणी झाली तर कंट्रोलर त्याच क्षणी जातो.

## ५. ट्रे आणि पॅक

चार लिटर पाण्यात पाव किलो खाण्याचा सोडा घालून ट्रे धुवा. फेस येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग साधं पाणी, पूर्ण सुकवणं, गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर रंग.

सहा बॅटऱ्यांचे पावणेदोनशे किलो गेले आणि त्या जागी पन्नासेक किलोचा पॅक आला. सव्वाशे किलो कमी झाले की पॅक ट्रेमध्ये सैल पडतो, आणि खडबडीत वाटेवर सैल पॅक टर्मिनल तोडतो. खाली रबरी चटई, चारही बाजूंना अँगलचा चौकट आणि वरून इन्सुलेटेड पट्टी. हाताने जोर लावून हलवल्यावर तो तसूभरही सरकता कामा नये. अँगलची धार केबलला लागते का तेही बघा.

## ६. केबल, फ्यूज, प्रीचार्ज

जुन्या केबल वापरून पैसे वाचवायला जाऊ नका. लगच्या तोंडाशी इन्सुलेशन थोडं कापून बघा: आत हिरवी-काळी पूड दिसली तर ॲसिड तांब्यात शिरलेलं आहे. अशी केबल चढावर तापते आणि दोष पुन्हा बॅटरीवर जातो.

लग हायड्रॉलिक टूलनेच दाबा. हातोडीने चेपलेला लग ओढून निघत नाही, पण आत हवा राहते आणि तिथेच गरम होतो.

फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच बसवा. त्याची अँपिअर क्षमता टिकून राहणाऱ्या आकड्याच्या वर हवी, आणि उचलतानाचा क्षणिक आकडा तो न उडता सोसू शकतो हे उत्पादकाच्या तक्त्यावरून पाहा. आणि त्याच्यावरचे व्होल्ट वाचा. गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमसाठी विकले जाणारे पट्टीचे अनेक फ्यूज ३२ व्होल्ट डीसीचे असतात. ५८ व्होल्टवर तसा फ्यूज वितळला तरी आतला आर्क विझेलच असं नाही. निदान ६० व्होल्ट डीसीचा घ्या. लिथियम पॅकचा शॉर्ट सर्किट करंट फार मोठा असतो, त्यामुळे तो तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा फ्यूज मिळाला तर उत्तम.

आता प्रीचार्ज. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना सोलेनॉइड, म्हणजे मेन करंट जोडणारा विजेवरचा मोठा स्विच, खटकन जोडला गेला की क्षणभर प्रचंड करंट धावतो. लेड-ॲसिडला त्याचं काही वाटत नव्हतं. बीएमएसला मात्र तो शॉर्ट सर्किट वाटतो आणि ती किल्ली फिरवताच तोडते. यावर उपाय म्हणजे सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलमध्ये एक रेझिस्टर, ज्यातून कपॅसिटर आधीच हळूहळू भरतात. बऱ्याच गाड्यांत तो मुळातच असतो. तो जळलेला किंवा तुटलेला नाही ना ते ओहम मोजून बघा. नसेल तर अडीचशे ओहम, १० वॅटचा लावा.

इशारा: या रेझिस्टरमधून गाडी उभी असतानाही थोडा करंट वाहू शकतो. म्हणून मेन आयसोलेटर हवाच. गाडी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर तो बंद करा.

दोन पॅक पॅरललमध्ये जोडणार असाल तर दोन्ही आधी वेगवेगळे पूर्ण चार्ज करा. व्होल्टेजमधला फरक ०.१ च्या आत आला की मगच जोडा. दोन्हींच्या केबल समान लांबीच्या घ्या, आणि गाडीची पॉझिटिव्ह एका पॅकवरून, निगेटिव्ह दुसऱ्यावरून काढा. नाहीतर एकच पॅक राबतो.

## ७. दिवे-हॉर्नचे १२ व्होल्ट

जुन्या गाड्यांत कुणीतरी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरून, नाहीतर १२ व्होल्टच्या एकीवरून, थेट वायर काढून दिवे लावलेले असतात. नव्या पॅकला मधला जोडच नाही. तरी मी असे पॅक पाहिले आहेत जे उघडून चौथ्या सेलवरून वायर काढली होती. ते चार सेल रोज इतरांपेक्षा जास्त उतरतात, बीएमएसला ते सावरता येत नाहीत, आणि काही आठवड्यांत पॅक लवकर बंद पडू लागतो. वॉरंटी तर पॅक उघडल्या दिवशीच गेलेली असते.

डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. त्याचा कमाल इनपुट ६० व्होल्टच्या वर हवा. "४८ व्होल्ट" एवढंच लिहिलेला घेऊ नका, कारण पूर्ण चार्जला पॅक ५८.४ वर जातो. त्याला वेगळा लहान फ्यूज द्या आणि वायर आयसोलेटरच्या पुढून, गाडीच्या बाजूने घ्या.

## ८. चार्जर

जुना चार्जर बाजूला ठेवा. तो चालतो असं सांगणारे भेटतील, आणि काही दिवस तो चालल्यासारखा वाटतोही. पण लेड-ॲसिडच्या चार्जरमधलं इक्वलायझिंग (सेल समान करायला मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग) ६२ व्होल्टच्या वर जातं. रोज बीएमएसने वरून तोडायचं आणि त्यालाच चार्जिंग संपलं समजायचं, ही सुरक्षेची शेवटची भिंत रोजच्या वापराला लावण्यासारखी गोष्ट आहे. उलट बाजूने, पॅक फार उतरून बीएमएसने तोडलेला असेल तर जुन्या चार्जरला समोर व्होल्टेजच दिसत नाही आणि तो सुरूच होत नाही.

१६ सेलच्या एलएफपीसाठी ५८.४ व्होल्टचा चार्जर घ्या. १०५ अँपिअर-अवरला २० अँपिअरचा पुरतो, पाच-सहा तास लागतात. तो भिंतीतून तेराशे वॅटच्या आसपास घेतो, तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरोखरची अर्थिंग हवी. लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड नको.

क्लब कार कंपनीच्या काही गाड्यांत ऑनबोर्ड कॉम्प्युटर असतो आणि चार्जिंगचा ताबा त्याच्याकडे असतो. अशा गाडीत तो बायपास केल्याशिवाय नवा चार्जर नीट चालत नाही. तुमच्या मॉडेलच्या वायरिंग आकृतीवरून खात्री करून घ्या.

तपासा: गाडी चालवण्याआधी पहिलं चार्जिंग पूर्ण करा आणि चार्जर थांबल्यावरही काही तास लावून ठेवा. बीएमएसचा बॅलन्सिंग करंट अगदी थोडा असतो, सेल समान पातळीवर यायला वेळ लागतो. मग बीएमएसच्या ॲपवर सेलचे व्होल्टेज पाहा. चार्जिंग थांबून तासभर झाल्यावर सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमध्ये ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा एकदा तसंच करा. तिसऱ्या वेळीही तोच सेल मागे असेल तर पॅक परत द्या.

उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावू नका. बहुतेक उत्पादक चार्जिंगला ४५ अंशांची मर्यादा देतात.

## ९. पहिली चाचणी

मागची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर. आयसोलेटर बंद असताना त्याच्या पॅककडच्या बाजूने ध्रुवता शेवटची एकदा मीटरने पाहा आणि कंट्रोलरकडे जाणाऱ्या केबल तिच्याशी जुळतात का तपासा. आयसोलेटर चालू, पंधरा सेकंद थांबा, टो-रन रनवर, किल्ली, हलकं पेडल. पुढे, मागे, दिवे, हॉर्न.

मग जमिनीवर, सपाटीला, एकट्याने दहा मिनिटं. थांबून प्रत्येक लगला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. एखादाच जोड इतरांपेक्षा गरम असेल तर तो उघडून नव्याने दाबा. मग पहिल्या टप्प्यातलाच चढ, तितकीच माणसं, तोच क्लॅम्प मीटर. आकडे वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा.

आता उतार, आणि इथे माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. पेडल सोडल्यावर मोटर ब्रेकसारखी काम करते आणि वीज बॅटरीत परत पाठवते, अशा बऱ्याच गाड्या आहेत. पॅक शंभर टक्के भरलेला असताना गाडी टेकडीवरून सुटली तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. बीएमएस तोडते, आणि मोटरचं रोखणं उतारावर अचानक नाहीसं होतं. माझ्याच हातून तयार झालेल्या एका गाडीत चार्जिंगची जागा टेकडीवर होती. सकाळी पहिल्याच फेरीला गाडी पन्नासेक मीटर मोकळी सुटली. ड्रायव्हर जुना होता, त्याने पायातला ब्रेक दाबून ती थांबवली. त्या दिवसापासून वर चार्ज होणाऱ्या गाडीचा चार्जर मी ९० टक्क्यांच्या आसपास थांबेल असा लावून घेतो आणि महिन्यातून एकदा बॅलन्सिंगसाठी पूर्ण भरतो. ज्या रात्री पूर्ण भरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी सपाटीला. यांत्रिक ब्रेकचे लायनर आणि केबलही याच टप्प्यात तपासा.

## १०. गाडी ड्रायव्हरच्या हाती देताना

जुना व्होल्टेजवरचा गेज काढून टाका. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे तो गेज दिवसभर फुल दाखवतो आणि मग एकदम खाली येतो. शंटवरचा मीटर निगेटिव्ह केबलवर बसवा, पहिल्या पूर्ण चार्जनंतर त्याला १०० टक्के शिकवा. ड्रायव्हरला एकच आकडा सांगा: २० टक्के दिसले की चार्जिंगला.

गाडी महिनाभर बंद ठेवायची असेल तर ५०-६० टक्क्यांवर, आयसोलेटर बंद करून. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून नाही.

जुन्या बॅटऱ्या फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. बॅटरी विक्रेत्याला किंवा नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या तिकडेच जायला हव्यात. शिशाला वजनावर भाव मिळतोच.

आठ दिवसांनी सीट उचला, आयसोलेटर बंद करा आणि प्रत्येक टर्मिनल उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा. नवे लग पहिल्या आठवड्यात बसतात आणि बोल्ट किंचित सैल होतो.